मंद सॅकेड मोजायची कशी

समोरच्या माणसाला उजवीकडे धरलेल्या पेनावरून डावीकडच्या बोटाकडे बघायला सांगितलं, तर निरोगी डोळा जाताना दिसत नाही, पोचलेला दिसतो. नजरेच्या या उडीला सॅकेड म्हणतात. २० अंशांची सॅकेड साधारण ६५ मिलिसेकंदांत आटोपते, आणि मध्ये कुठेतरी तिचा वेग सेकंदाला ४०० अंशांच्या घरात किंवा त्याच्याही पुढे जातो. स्पायनोसेरेबेलर अ‍ॅटॅक्सियाच्या दुसऱ्या प्रकारात, म्हणजे एससीए-२ या तोल बिघडवणाऱ्या आनुवंशिक आजारात, डोळा वाटेत दिसतो. पेनापासून बोटापर्यंत तो सरकत जातो आणि बघणाऱ्याला त्याचा माग सहज घेता येतो.

या आजाराचं मुंबईशी जुनं नातं आहे. डॉ. नोशीर वाडिया आणि डॉ. स्वामी यांनी १९७१ साली ‘ब्रेन’ या नियतकालिकात नऊ कुटुंबांतल्या अशा रुग्णांचं वर्णन केलं. तोल जाणं आणि डोळे सावकाश फिरणं ही जोडी आनुवंशिक आजाराची खूण म्हणून ठळक झाली ती तिथून. जनुक सापडायला १९९६ उजाडलं. बाराव्या गुणसूत्रावरच्या एटीएक्सएन-२ जनुकात सीएजी हा तुकडा निरोगी माणसात बहुधा २२ वेळा येतो, आजारात ३३ किंवा त्याहून जास्त वेळा. क्यूबातल्या ओल्गीन प्रांतात या आजाराची कुटुंबं मोठ्या संख्येने आहेत. सीएजीची लांबी वाढते तशी सॅकेड मंदावते, हे तिथल्या मोजमापांतून पुढे आलं. आजार किती सरकला हे आकड्यात सांगण्यासाठी सॅकेडच्या वेगाकडे बघितलं जातं ते म्हणूनच.

अडचण अशी, की बाजारात मिळणाऱ्या आय-ट्रॅकरची, म्हणजे नजर नोंदवणाऱ्या यंत्राची, सगळी तयार सेटिंग्ज निरोगी डोळा गृहीत धरून बसवलेली असतात. खोलीपासून विश्लेषणापर्यंत प्रत्येक पायरीवर मंद सॅकेड हातून निसटू शकते, आणि निसटली हे पडद्यावर कळतही नाही, कारण फाइल तर व्यवस्थित तयार झालेली असते.

आधी यंत्राबद्दल थोडं. इन्फ्रारेड दिवा डोळ्यावर पडतो. कॅमेऱ्याला बाहुली काळी दिसते आणि कॉर्नियावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर, दिव्याचा एक चमकता ठिपका दिसतो. बाहुलीचा मध्य आणि तो ठिपका यांच्यातल्या अंतरावरून नजर कुठे आहे हे काढतात. सेकंदाला ६० चित्रं घेणारा स्वस्त ट्रॅकर इथे चालत नाही. १० अंशांची निरोगी सॅकेड ४० ते ४५ मिलिसेकंदांची, म्हणजे तिच्या वाट्याला दोन-तीन चित्रं येतात आणि वेगाचं शिखर दोन चित्रांच्या मध्ये हरवतं. कुणी म्हणेल, आमचे रुग्ण तर मंदच आहेत, त्यांना ६० पुरेत. रुग्णांपुरतं ते बरंचसं खरंही आहे. पण तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी माणसांचा वेग मात्र कमी भरतो, आणि दोन गटांतला फरक असतो त्याहून लहान दिसतो. त्यामुळे आम्ही ५०० किंवा १००० चित्रांखाली उतरत नाही.

खोलीला जाड पडदे हवेत. उन्हात भरपूर इन्फ्रारेड असतं, त्यामुळे कॉर्नियावर नको ते ठिपके उमटतात. ट्यूबलाइट किंवा एलईडी चालतो, हॅलोजन नाही. उजेड सगळ्या वेळ सारखा ठेवायचा, कारण बाहुली लहान-मोठी होताना तिचा मध्य थोडा सरकतो आणि यंत्राला वाटतं डोळाच सरकला. पंखा थेट तोंडावर नको. डोळे कोरडे पडून पापण्या जास्त लवतात.

खुर्ची बिनचाकांची, हातांची आणि जड. बहुतेक प्रयोगशाळांत ऑफिसातली फिरती खुर्ची असते, आणि तोल नसलेल्या माणसासाठी ती सर्वांत धोक्याची वस्तू. बसताना नातेवाइकाने नव्हे, आपल्यातल्याच कुणीतरी काखेखाली हात घालून आधार द्यायचा.

डोळ्यापासून पडदा ५७ सेंटिमीटरवर ठेवतो, कारण या अंतरावर पडद्याच्या मधोमध एक सेंटिमीटर म्हणजे साधारण एक अंश होतो. कडेला मात्र हा हिशेब चुकतो. सपाट पडद्यावर २० अंशांचा ठिपका मध्यापासून २० नव्हे, २०.७ सेंटिमीटरवर काढावा लागतो. सॉफ्टवेअर हे आपणहून करतं की नाही ते एकदा पट्टी लावून बघावं.

काजळ घालून येऊ नका, ही सूचना आदल्या दिवशी फोनवरच द्यायची. कॅमेरा काळा गोल शोधत असतो. पापणी खाली आली की काजळाची रेघ त्या गोलाला चिकटते आणि बाहुलीचा मध्य एकदम उडी मारतो. आलेखात ती उडी हुबेहूब उभ्या सॅकेडसारखी दिसते. घालून आल्याच, तर ओल्या कापसाने हलकेच टिपायचं आणि डोळ्यातलं पाणी थांबेपर्यंत थांबायचं. तेल लावून पुसू नये. पापणीवर उरलेला थर चमकतो. चश्म्याच्या काचेवरचा लेप पुष्कळदा इन्फ्रारेड परत फेकतो, म्हणून शक्य तिथे चश्मा काढतो आणि ठिपका मोठा करतो: एक अंश व्यासाची तबकडी, मधोमध बारीक टिंब. इथे दृष्टीची तीक्ष्णता मोजायची नसते, ठिपका कुठे आहे एवढं कळलं की झालं.

आता डोकं. या रुग्णांची मान डुलते, आणि त्याहून त्रासाची गोष्ट म्हणजे डोळा वेळेवर जात नाही म्हणून ते डोकं आधी झटकतात. वर्षानुवर्षांची ती सवय झालेली असते. हनुवटी टेकवायची फळी आणि कपाळाची पट्टी लागतेच, पण तेवढ्याने भागत नाही. दातांनी धरायची पट्टी जुन्या प्रयोगशाळांत वापरत. गिळायला त्रास होणाऱ्या माणसाला ती देऊ नये. मागे उभं राहून एका सहकाऱ्याने दोन्ही तळवे कानांच्या वर हलके टेकवावेत, हा आम्हाला सर्वांत भरवशाचा उपाय वाटतो. मान जोर करायला लागली की कॅमेऱ्याच्या आधी तळव्याला कळतं. “काका, मान नाही हलवायची, नुसते डोळे,” एवढं त्याच क्षणी म्हणता येतं, आणि त्या ठिपक्याची नोंद वहीत खूण करून वगळता येते.

कॅलिब्रेशनमध्ये नऊ ठिपके एकामागून एक दाखवतात आणि प्रत्येकाकडे बघताना बाहुली कुठे आहे याची यंत्र नोंद करतं. यात ‘आपोआप पुढे जा’ ही सोय चालू असते. डोळा स्थिर झाला असं वाटलं की यंत्र नोंद करून पुढचा ठिपका आणतं. मंद डोळा ठिपक्याच्या वाटेवर असताना इतका सावकाश सरकतो, की यंत्र त्यालाच स्थिर समजतं आणि अर्ध्या वाटेवरची जागा ठिपक्याच्या नावावर टाकतं. अशाने कडेचे ठिपके आत ओढले जातात आणि पुढचा सगळा हिशेब बिघडतो: कमी अंतराला जास्त अंतर म्हटलं जातं, वेगही फुगतो. ही सोय बंद करायची. प्रत्येक ठिपक्याला कॅमेऱ्यातल्या डोळ्याकडे बघत, तो थांबल्यावर आणखी अर्धा सेकंद जाऊ देऊन स्पेसबार दाबायचा. नंतरच्या पडताळणीत सरासरी चूक अर्ध्या अंशाच्या आत आणि सर्वांत मोठी चूक एका अंशाच्या आत हवी. रुग्णाला दुहेरी दिसत असेल, तर एक डोळा झाकून दुसऱ्याचं आणि मग पहिल्याचं कॅलिब्रेशन वेगवेगळं घ्यावं.

मग खरी चाचणी: पडद्याच्या मधोमध ठिपका असतो, तो बाजूला उडतो, आणि नजर त्याच्यामागे न्यायची. सूचना साध्या बोलीत द्यायच्या. ‘ठिपक्यावर लक्ष ठेवा’ म्हटलं तर काही जण मधल्या ठिपक्याकडे टक लावून नव्या ठिपक्याची नुसती दखल घेतात, डोळा हलवत नाहीत. ‘ठिपका जिथे जाईल तिथे नजर न्या’ हे बरं. सुरुवातीला चार-पाच ठिपके सरावाचे, ते मोजायचे नाहीत.

मधला ठिपका एक ते दोन सेकंद राहतो, दर वेळी कमी-जास्त. ठरावीक वेळ ठेवली तर लोक अंदाजाने आधीच उडी मारतात, आणि अंदाजाने मारलेली उडी मुळातच जरा मंद असते. ठिपका दिसल्यापासून ८० मिलिसेकंदांच्या आत सुटलेली सॅकेड म्हणून बाद. बाजूचे ठिपके ५, १०, १५ आणि २० अंशांवर, दोन्ही दिशांना, प्रत्येकी दहा वेळा. खरा फरक १५ आणि २० अंशांवर कळतो. ५ अंशांवर निरोगी माणसांतच इतकी तफावत असते की सौम्य आजार त्यात बुडून जातो. बाजूचा ठिपका एक सेकंद ठेवायची पद्धत आहे. इथे अडीच सेकंद ठेवावा लागतो, कारण पहिली उडी बऱ्याचदा अलीकडेच थांबते आणि डोळा दोन-तीन टप्प्यांत पोचतो. ८० ठिपक्यांना निदान पाच-साडेपाच मिनिटं लागतात. एका बैठकीत ती घेऊ नयेत. चाळीस झाले की थांबायचं, हनुवटी उचलू द्यायची, पाणी द्यायचं आणि पुन्हा पडताळणी करायची. थकव्याने आणि झोपेने सॅकेड मंदावते, आणि ती मंदी आजाराच्या खात्यावर जायला नको.

सगळ्यांत जास्त माहिती वाया जाते ती पापणीमुळे. सॅकेड सुटायच्या आधी मेंदूच्या पॉन्स या भागातल्या काही पेशी डोळ्याला जागच्या जागी धरून ठेवतात. पापणी लवली की या पेशी क्षणभर गप्प होतात. रुग्णाच्या शरीराला हे केव्हाच उमगलेलं असतं: नजर हलवायची तर पापणी मिटायची, म्हणजे डोळा सुटतो. कॅमेऱ्यासमोर बसलेल्या आजींचा डोळा जवळून बघितला तर क्रम स्पष्ट दिसतो. ठिपका उडतो, पापणी खाली येते, वर जाते, आणि बाहुली तोवर अर्धी वाट चालून गेलेली असते. आलेखात नेमक्या त्याच जागी भोक. तयार सॉफ्टवेअर पापणी लवलेली प्रत्येक उडी टाकून देतं, आणि उरतात त्या फक्त पापणीच्या मदतीशिवाय जमलेल्या. मागे राहिलेला संच मग सगळ्या उड्यांचा नमुना राहत नाही.

यावर ‘पापणी लववू नका’ हा उपाय नव्हे. तसं सांगितलं की डोळे ताणले जातात, पाणी येतं, आणि शेवटी पापणी लवते ती ठिपका उडण्याच्याच क्षणी. दर ठिपक्यानंतर पडद्यावर रिकामं वर्तुळ दाखवून ‘आता मिटा-उघडा’ म्हणायची वेळ ठेवली की फरक पडतो. तरीही ज्या उड्यांत पापणी येते, त्या वेगाच्या हिशेबातून काढायच्या, पण मोजायच्या. शंभरातल्या किती उड्या पापणीसकट झाल्या, हा आकडा वेगाच्या शेजारी लिहायलाच हवा, आणि आमच्या मते तो वेगाइतकाच बोलका असतो.

विश्लेषणात दुसरा मोठा खड्डा. सॅकेड कुठे सुरू झाली हे सॉफ्टवेअर दोन उंबरठ्यांवरून ठरवतं: वेग सेकंदाला ३० अंशांच्या वर आणि त्वरण सेकंदाच्या वर्गाला ८००० अंशांच्या वर, असे आकडे एका प्रचलित यंत्रात आधीच भरलेले असतात. मंद सॅकेड हळूच सुरू होते. तिचा सर्वोच्च वेग कधी कधी १०० अंशांच्याही खाली राहतो, मग तो त्वरणाचा उंबरठा ती ओलांडणार कशी? सॉफ्टवेअर तिला एकतर ओळखतच नाही, किंवा फक्त मधला तुकडा उचलतं, किंवा एका उडीच्या तीन करतं. तक्त्यात मग २० अंशांच्या उडीऐवजी ६ अंशांची उडी येते, आणि ६ अंशांसाठी तो वेग फारसा वाईट दिसत नाही. रुग्ण कागदावर बरा होतो.

म्हणून आम्ही यंत्राच्या खुणांवर विसंबत नाही. जागेचा आणि वेगाचा आलेख एकाखाली एक मांडून दोन जण स्वतंत्रपणे सुरुवात-शेवट खुणावतात. कोणती फाइल रुग्णाची आणि कोणती निरोगी माणसाची, हे त्यांना ठाऊक नसतं. उंबरठा लावायचाच तर तो त्या-त्या उडीच्या सर्वोच्च वेगाच्या प्रमाणात लावावा, सगळ्यांना एकच आकडा नको.

गुळगुळीत करण्याचा प्रश्नही इथलाच. हजार चित्रांच्या नोंदीत शेजारच्या दोन चित्रांत ०.०२ अंशांची थरथर असली, तरी वेगात ती सेकंदाला २० अंश होऊन उभी राहते. ४०० अंशांच्या शिखरापुढे ती किरकोळ, ८० अंशांच्या शिखरापुढे नाही. आलेख जास्त गुळगुळीत केला तर रुग्णाचा आकडा सुधारतो, पण निरोगी माणसाचं टोकदार शिखर बोथट होतं. दोन गटांना गुळगुळीत करणारे दोन वेगळे फिल्टर लावणं हा तर सरळ घोटाळा. आधी निरोगी माणसांच्या १० अंशांच्या उड्यांवर फिल्टर वाढवत न्यायचा, शिखर घसरायला लागलं की एक पायरी मागे यायचं, आणि तोच सगळ्यांना लावायचा.

वेग एकटा सांगू नये, अंतरासोबत सांगावा. आडव्या अक्षावर उडीचं अंतर, उभ्यावर सर्वोच्च वेग मांडला की निरोगी माणसाचा आलेख आधी चढतो आणि मग सपाट होतो. एससीए-२ मध्ये तो सुरुवातीपासूनच खाली लोळतो. सर्वोच्च वेगाला सरासरी वेगाने भागलं तर निरोगी माणसात उत्तर साधारण १.६ येतं. ते बरंच जास्त आलं, तर उडी मध्येच थबकून पुन्हा सुरू झाली असण्याची शक्यता असते, आणि ती वेगळ्या आजाराची खूण ठरू शकते.

दिशेलाही अर्थ आहे. आडव्या सॅकेडचा जोर पॉन्समधून येतो, उभ्याचा मध्यमेंदूतून. एससीए-२ मध्ये आडव्या आधी मंदावतात. प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी या मेंदूच्या आजारात उभ्या आधी जातात. लहान मुलांतल्या दोन आनुवंशिक आजारांतही असंच: गॉशे आजाराच्या तिसऱ्या प्रकारात आडव्या, नीमन-पिक सी मध्ये उभ्या. उभ्या सॅकेड नोंदवणं जास्त कटकटीचं, कारण खाली बघताना वरची पापणी बाहुली झाकते. पडदा थोडा वर घेतला तर काम भागतं.

यंत्रावर बसवण्याआधी दोन तपासण्या हातानेच करून घ्याव्यात. रुग्णाला एका जागी बघायला सांगून त्याचं डोकं हळूच उजवी-डावीकडे फिरवायचं. डोळे पूर्ण कोपऱ्यापर्यंत गेले, तर स्नायू आणि त्यांच्या नसा शाबूत आहेत, बिघाड त्यांच्या वरचा आहे. दुसरी, पट्ट्यापट्ट्यांची फीत डोळ्यांसमोरून सरकवायची. निरोगी डोळे फितीबरोबर जातात आणि झटक्यात परत येतात. या रुग्णांचे डोळे फितीबरोबर जातात आणि तिथेच कोपऱ्यात अडकून राहतात, कारण परतीचा झटका म्हणजेही सॅकेडच.

औषधांची नोंद वेळेसकट घ्यायची. क्लोनाझेपामसारखी औषधं सॅकेड मंद करतात, आणि अ‍ॅटॅक्सियाच्या रुग्णांना ती पुष्कळदा चालू असतात. मोजमापासाठी औषध बंद करायला सांगू नये; कोणतं, किती आणि किती वाजता घेतलं ते लिहायचं, आणि पुढच्या वेळी त्याच वेळेला बोलवायचं.

तुलनेसाठी निरोगी माणसं कुठून आणायची? रुग्णासोबत आलेला भाऊ किंवा मुलगी समोरच असते, वयही जवळपास, आणि “माझेही डोळे तपासा” असं स्वतःच म्हणतात. इथे थांबायचं. आजार आईवडिलांपैकी एकाकडून थेट उतरतो, त्यामुळे प्रत्येक अपत्याला तो असण्याची शक्यता निम्मी. लक्षणं दिसायच्या आधीच सॅकेड मंदावायला लागू शकते. भावाला निरोगी गटात घातलं तर गट बिघडतोच, शिवाय जनुकीय चाचणीचा सल्ला घेण्याआधीच त्याच्या भविष्याची बातमी आपल्या पडद्यावर उघडी पडते. तुलनेसाठी जोडीदार घ्यावा: घर तेच, वय जवळचं, रक्त वेगळं. नातेवाइकांचा अभ्यास करायचाच असेल, तर त्याची वेगळी परवानगी नैतिकता समितीकडून घ्यावी, आणि निकाल कळवायचा की नाही, कुणी आणि कशा समुपदेशनासह, हे मराठी संमतीपत्रात आधीच लिहावं. मोजमाप चालू असताना आलेखाचा पडदा सोबतच्या लोकांकडे पाठ करून ठेवायचा. “कसे आहेत हो डोळे?” या प्रश्नाला तंत्रज्ञाने दिलेलं “तुमचे छान आहेत” हे उत्तरही निकालच असतो, आणि नंतर दुसऱ्या भावाला तेच उत्तर न मिळाल्यावर तो आपसूक समजतो.

वर्षभराने तोच रुग्ण परत येतो तेव्हा ट्रॅकरचं सॉफ्टवेअर बदललेलं असतं, मॉनिटर नवा असतो, कॅलिब्रेशन करणारी मुलगी दुसरीकडे गेलेली असते. म्हणून कच्ची नोंद, म्हणजे फिल्टर न लावलेली, कायम जपायची. सोबत एका पानावर पडद्याचं अंतर, ठिपक्याचा आकार, सेकंदाला चित्रं, फिल्टर, उंबरठे आणि पडताळणीतली चूक हे सगळं लिहून ठेवायचं. नवी पद्धत आणली, तर जुन्या कच्च्या नोंदी तिच्यातून पुन्हा काढायच्या. जुना छापील आकडा आणि नवा आकडा यांची वजाबाकी करायची नाही. यंत्रच बदललं असेल, तर आधी काही निरोगी माणसं जुन्या आणि नव्या दोन्हींवर बसवून फरक बघून घ्यायचा, आणि मगच रुग्णाला खुर्चीत बसवायचं.